पावतीवर सही कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘व्यवसायातली कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मला जरा हसूच आलं. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वकील नाही आणि संगणकवालाही नाही. पण गेल्या दोन वर्षांत या यंत्राच्या निमित्ताने माझ्या दारात जितकी माणसं आली, तितकी कवितेच्या निमित्ताने तीस वर्षांत आली नाहीत. का आली, ते पुढे सांगतो. आधी आमच्या गावातल्या काट्याबद्दल बोलू.

मी माळेगाव बुद्रुकचा, बारामती तालुक्यातला. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावर वाढलेला ऊस आणि गावातच सहकारी साखर कारखाना. दिवाळी झाली की रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रॅक्टर आणि ट्रक जास्त. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, हातात पावती येते. माझे वडील या पावत्या घरात खुंटीला टांगलेल्या तारेत ओवून ठेवत. त्यांना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण प्रत्येक पावतीवर ते दोन गोष्टी आधी बघायचे. वजनाचा आकडा आणि खाली सही. सही नसेल तर पावती घ्यायचे नाहीत. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, “आकडा तर छापलाय ना, मग सही कशाला?” ते म्हणाले, “आकडा यंत्राचा. भांडायचं झालं तर माणूस लागतो.”

आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्यावरच आहे.

काट्यावर सरकारचा भरवसा आहे, तो उगीच नाही. वैधमापन खात्याची माणसं दर वर्षी इलेक्ट्रॉनिक काटा तपासतात, शिक्का मारतात. २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा त्यासाठीच आहे. शिक्क्याची मुदत संपली तर काटा वापरणारा दोषी. काटा कोणत्या कंपनीने बनवला, त्यात कोणती चिप आहे, हे उसाच्या शेतकऱ्याला माहीत असण्याची गरज नाही. काटा कोणाच्या दारात आहे आणि शिक्का ताजा आहे का, एवढं कळलं की पुरे.

आता दुसऱ्या काट्याकडे वळू, ज्याच्यावर अजून असा शिक्का नाही.

आमच्याच परिसरातल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने, म्हणजे आप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेने, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. रानात हवामान केंद्र बसवतात, मातीत ओलावा मोजणारे सेन्सर पुरतात, वरून उपग्रह फोटो काढतो. या सगळ्याचा मेळ घालून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना येते: आज पाणी द्या, उद्या नको, या कोपऱ्यात नत्र कमी आहे, इथे रोगाची शक्यता दिसते. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या ऊस उत्पादकांचं उदाहरण जगापुढे ठेवलं आणि त्यावर इलॉन मस्क यांनीही प्रतिक्रिया दिली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी पाचशे कोटी रुपये ठेवले. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला बॅटरी घेऊन जाणाऱ्या माणसाला आज पाणी द्यायची गरज आहे की नाही हे घरबसल्या कळलं, तर मला आनंदच आहे. पाणी वाचतं, खत वाचतं, पायपीट वाचते. मी या यंत्राच्या विरोधात बोलायला आलेलो नाही.

माझ्या दारात माणसं येतात ती वेगळ्या कामासाठी. यंत्राने लिहिलेलं मराठी तपासून घ्यायला. दुकानाची जाहिरात, पतसंस्थेची नोटीस, सोसायटीच्या सभेचा अहवाल, लग्नाची पत्रिकासुद्धा. यंत्र लिहितं, मी व्याकरण बघतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ओळखीचा एक तरुण आला. शेजारच्या गावात त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. म्हणाला, “चाचा, एवढं मराठी बघून देता का? पाचशे प्रती छापायच्यात.” उसातल्या तणनाशकांबद्दलचं पत्रक होतं. कोणतं कधी मारायचं, किती मारायचं, कोणती काळजी घ्यायची. कंपनीची इंग्रजी माहिती त्याने एआयला दिली आणि सोप्या मराठीत पत्रक करून मागितलं. मराठी खरोखर चांगलं होतं. दोन-तीन वेलांट्या सोडल्या तर मला काही काम नव्हतं. पण मीही ऊस केलेला आहे. एका ओळीवर नजर थांबली. ‘एकरी’ म्हणून लिहिलेलं प्रमाण मला फार वाटलं. त्याला म्हणालो, “पोरा, बाटलीसोबतचा कागद आण.” कंपनीच्या माहितीपत्रकात ते प्रमाण हेक्टरी होतं. आकडा तोच, शब्द बदललेला. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे पत्रक वाचून फवारणी करणारा अडीचपट औषध मारणार.

पोराचा चेहरा उतरला. छापायला दिलं नव्हतं, पण आदल्या रात्री त्याने ते व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांच्या गटात टाकलं होतं. तिथेच बसून त्याने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. मी चहा सांगितला, तो तसाच गार झाला. चाळीसेक फोन झाले. एकाने सकाळीच अर्ध्या एकरावर मारलं होतं.

आता प्रश्न आला. त्या अर्ध्या एकराचं काय? चूक कोणाची? यंत्राची? यंत्र बनवणाऱ्या परदेशी कंपनीची? कंपनीच्या अटी त्याने मोबाइलवर उघडून मला दाखवल्या. त्यांत लिहिलं होतं की, उत्तरं चुकीची असू शकतात, वापरणाऱ्याने तपासून घ्यावीत. आणि पत्रकाच्या खाली नाव होतं दुकानाचं.

श्रोतेहो, हाच प्रश्न कॅनडात कायद्यापुढे गेला होता. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र होतं. आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका माणसाला त्या यंत्राने सांगितलं की, तिकीट आधी काढा, शोकप्रसंगाची सवलत नंतर मागता येईल. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हता. सवलत नाकारली गेली, माणूस न्यायाधिकरणात गेला. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा होता: हे यंत्र म्हणजे एक वेगळीच व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो बचाव फेटाळला. संकेतस्थळ तुमचं, त्यावरची माहितीही तुमची, मग ती साध्या पानावर असो की यंत्राच्या तोंडून आलेली असो. भरपाईची रक्कम सगळी धरून आठशे डॉलरच्या आसपास, पण तो निकाल जगभरच्या व्यापाऱ्यांनी वाचला.

आपल्याकडचा कायदाही याच दिशेचा आहे. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू आणि सदोष सेवा या दोन्हींची जबाबदारी आहे. तणनाशकं-कीटकनाशकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि दुकानदाराचा परवाना त्या कायद्याखालचा असतो. यंत्राने सुचवलं म्हणून शिफारस नसलेल्या पिकावर औषध दिलं, तर जाब दुकानदारालाच विचारला जाणार. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांचा रोख असा की, तूर्त वेगळा मोठा कायदा न करता आहेत त्याच कायद्यांनी काम चालवावं. काहींना वाटतं, वेगळा कायदा नाही म्हणजे मोकळं रान. तसं नाही. जुने सगळे कायदे यंत्रालाही लागू आहेत, असा त्याचा अर्थ.

परदेशातल्या नियमांशी आपला काय संबंध, असंही कोणी म्हणेल. बारामती-इंदापूरच्या द्राक्षबागायतदारांना हे विचारू नका. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराईडचा, ज्याला आपले बागायतदार सीसीसी म्हणतात, त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि भारतीय द्राक्षं तिकडे अडकून पडली. नियम युरोपचा, नुकसान आपल्या बांधावरचं. युरोपचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला आहे, टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पुण्या-मुंबईत बसून युरोपसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या मुलांना तो वाचावा लागणारच.

दुसरी गोष्ट माहितीची. ॲप उघडलं की आधी इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो, खाली ‘मान्य’. आपण दाबतो. न वाचता अंगठा उठवायची आपली सवय जुनी. पूर्वी सावकाराच्या वहीवर उठवायचो, आता काचेवर. गट नंबर, क्षेत्र, मोबाइल, बँक खातं, आधार, पिकाचा अंदाज, सगळं त्या एका दाबण्यात जातं. नुसता मातीतला ओलावा ही कोणाची खासगी बाब नाही. पण तो ओलावा तुमच्या नावाशी आणि गट नंबराशी जोडला, की ती तुमची माहिती झाली. यंदा कोणाचा ऊस जोरात आहे, कोणाचा खोडवा बसलाय, कोणाला पैशाची निकड आहे, हे व्यापाऱ्याला किंवा सावकाराला आधी कळलं तर भाव कोण ठरवणार, हे मी सांगायला नको.

यासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि व्यवसायांना मुख्य जबाबदाऱ्यांच्या तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्यातल्या चार गोष्टी छोट्या व्यावसायिकाने पाठ कराव्यात. एक, संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली हवी. दोन, संमतीची सूचना इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, म्हणजे मराठीत मागायचा आपल्याला हक्क आहे. तीन, माहिती दुरुस्त करायला, पुसून टाकायला आणि तक्रार करायला वाट हवी. चार, माहिती सांभाळायचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा कमाल आकडा आहे, गावातल्या दूध संस्थेला कोणी अडीचशे कोटी लावणार नाही. पण सभासदांची आधारची यादी टेबलावर उघडी ठेवायची सवय मात्र आता सोडावी लागेल.

तिसरी गोष्ट निर्णयाची. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मुलीच्या शिक्षणासाठी मी एका कंपनीकडे मोबाइलवरून कर्जाचा अर्ज केला. दोन मिनिटांत उत्तर आलं, अर्ज नामंजूर. कारण दिलेलं नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, सिस्टिमने रिजेक्ट केलंय.” सिस्टिमला का विचारता येत नाही, हे तिलाही माहीत नव्हतं. पुष्कळ फेऱ्यांनंतर एकाने अंदाज सांगितला. माझं आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, पॅनवर दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्या. ‘शेख’ हा दोन अक्षरी शब्द इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहितात, आणि ज्या त्या कारकुनाने आपल्या मर्जीने लिहिला. माणसाला कळलं असतं की हा एकच माणूस आहे. यंत्राला तीन माणसं दिसली असावीत. ‘असावीत’ म्हणतो, कारण खरं कारण मला आजही माहीत नाही. मला दुखलं ते नकाराचं नव्हे. नकार मी पुष्कळ पचवलेत, संपादकांचे तर किती तरी. पण संपादक निदान दोन ओळी लिहून सही करायचे.

असं मोठ्या प्रमाणावर झालं तर काय होतं, ते नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथल्या करखात्याने बालसंगोपनाच्या अनुदानातले लबाड शोधायला यंत्रणा लावली. परकीय नागरिकत्व हीसुद्धा तिच्या लेखी संशयाची एक खूण होती. हजारो पालकांवर खोटा ठपका आला, घरं कर्जात बुडाली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. युरोपच्या नव्या कायद्यात माणसाची कर्जाची पत ठरवणारं यंत्र ‘जास्त जोखमीचं’ मानलं आहे, ते उगीच नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. माणूस आधी, निर्णय समजावून सांगता यावा आणि जबाबदारी निश्चित असावी, ही त्यातली सूत्रं गावच्या पतसंस्थेनेही भिंतीवर लावावीत अशी आहेत.

चौथी गोष्ट आवाजाची आणि शब्दांची. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला गाडीवर भोंगा लावून जाहिरात फिरवायची पद्धत आपल्याकडे आहेच. आता प्रसिद्ध गायकाच्या आवाजात दुकानाचं नाव वदवून घेणं पाच मिनिटांचं काम झालंय. गंमत वाटते, पण कायद्याला वाटत नाही. अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं. आवाज ही त्या माणसाची आयुष्यभराची कमाई आहे. शब्दांचंही तसंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, अशी समज न्यायालयाने दिली. साहेबांच्या सहीनिशी निघालेल्या आदेशात हे घडू शकतं, तर आपल्या सोसायटीच्या अहवालात का घडणार नाही?

मग करायचं काय? यंत्र बंद करून ठेवायचं? नाही. मी त्या दुकानदार पोराला जे सांगितलं तेच सांगतो. त्यासाठी वकिलाची गरज नाही, एक वही पुरते. आपल्या धंद्यात यंत्र कुठे कुठे वापरतो ते त्या वहीत लिहा. ज्या ठिकाणी पैसा, औषधाचं प्रमाण, तब्येत किंवा कोणाचा हक्क गुंतलाय, तिथे यंत्राचं उत्तर माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका, आणि ताडणाऱ्याची सही घ्या. यंत्राला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, याची प्रत जपून ठेवा. यंत्र विकणारा आला तर त्याला लेखी विचारा: माहिती कुठे साठवणार, कोणाला देणार, चूक झाली तर भरपाई कोण देणार? तो तोंडी ‘काळजी करू नका’ म्हणाला तर काळजी करा. गिऱ्हाइकाला सांगा की, हे उत्तर यंत्राचं आहे आणि शंका असेल तर या माणसाला भेटा. त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा.

आणि आपण, जे गिऱ्हाईक आहोत, सभासद आहोत, आपणही विचारायला शिकलं पाहिजे. हा निर्णय कोणी घेतला? का घेतला? माझी माहिती कोणाकडे आहे? काट्यावर उभं राहून हे विचारायला आपल्या आधीच्या पिढ्यांना वर्षं लागली. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. पण नुसतं लिहून ते मिळाले नाहीत, माणसं भांडली तेव्हा मिळाले.

त्या अर्ध्या एकराचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तो पोरगा त्याच दुपारी त्या शेतकऱ्याच्या रानात गेला, मीही बरोबर गेलो. पुढच्या आठवड्यात पानं पिवळी पडली, वाढ महिनाभर खुंटली, मग ऊस हळूहळू सावरला. या पोराने औषधाचे पैसे परत केले, वरच्या खतांचा खर्च स्वतः केला आणि झालेल्या चुकीचा कागद लिहून शेतकऱ्याच्या हातात दिला. त्याचे मित्र त्याला वेड्यात काढत होते: “लिहून कशाला दिलंस? यंत्राचं नाव सांगायचं!” तो कागद त्याने लिहिताना यंत्राची मदत घेतली नव्हती. वेलांट्या चुकलेल्या होत्या. मला दाखवायला आणला, पण मी त्या दुरुस्त केल्या नाहीत. खाली सही आहे का, तेवढं बघितलं.

तो शेतकरी आजही त्याच दुकानातून माल घेतो.